*कोरड्या ओढ्याला रात्रीत पूर का येतो? लेहचं उदाहरण*



"आपल्याकडे पाऊसच कमी, पूर कुठला येतोय?" असं आपण सगळेच म्हणतो. म्हणून आज लेहबद्दल.

लडाखमधलं लेह हे थंड वाळवंट. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मि.मी. तिथे ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री विजांसह ढगफुटी झाली. डोंगरातून चिखल-दगडांचा लोंढा आला. लेह आणि शेजारच्या चोगलमसर गावात घरं गाडली गेली, २०० हून जास्त माणसं दगावली. शेतांवर दगड-गाळाचा थर बसला.

*असं का झालं?*

▪️ *उघडी जमीन :* उतारावर झाड नाही, गवत नाही. थेंबांच्या माऱ्याने मातीचा वरचा थर दबून बंद होतो. पाणी जिरायच्या आत पळतं आणि सुटी माती-दगड सोबत नेतं.

▪️ *रात्रीची वेळ :* दिवसभर तापलेल्या पूर्वेकडच्या पठारावर ढग वाढले आणि लेहवर पोचले ते रात्री. लोक झोपेत होते.

▪️ *मापकाने फसवलं :* लेहच्या पर्जन्यमापकात नोंद झाली फक्त १२.८ मि.मी. खरा पाऊस मापकापासून लांब, वरच्या डोंगरात पडला.

*आता आपला हिशोब करा*

१ एकरावर १ मि.मी. पाऊस म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी. २५ मि.मी. झाला तर एकरी १ लाख लिटर. वरचं ५०० एकर माळरान एकाच ओढ्याला उतरत असेल आणि त्यातलं निम्मं पाणी वाहिलं, तरी अडीच कोटी लिटर झालं! आपल्या रानात थेंब नसला तरी ते खाली येणारच.

*काय करायचं?*

१) ओढ्याकाठची मोटार, स्टार्टर, पाइप, खताच्या गोणी आजच उंचावर हलवा.
२) शेळ्या-जनावरं रात्री पात्रात किंवा काठाला बांधू नका.
३) शेततळं आणि बांधाचे सांडवे मोकळे करा. सांडवा तुंबला की बांध फुटतो.
४) वरच्या बाजूला विजा चमकताहेत, पाणी अचानक गढूळ झालंय, काडीकचरा येतोय, घरघर ऐकू येतेय, तर लगेच काठ सोडा. सामानासाठी मागे फिरू नका.
५) फरशीवरून पाणी असेल तर गाडी घालू नका. रात्री खोलीचा अंदाज येत नाही.
६) विजांसाठी 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा. गडगडाट असताना मोटार चालू करायला जाऊ नका, झाडाखाली थांबू नका.

*नुकसान झालं तर :* अतिवृष्टी धरताना महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी. पाऊस बघतात. मंडळाच्या मापकात कमी पाऊस आणि तुमच्या रानात पूर, असं होऊ शकतं. म्हणून रान साफ करण्याआधी तारीख-ठिकाण दिसेल असे फोटो काढा आणि तलाठी, कृषी सहायकांना लगेच कळवून पंचनामा मागा.

पुढच्या हंगामासाठी एकच काम ठरवा : बांधावर आणि वरच्या उतारावर गवत राखा. पळणारं पाणी तिथेच थोपतं.

ओढ्याकाठच्या शेजाऱ्यांना हा मेसेज जरूर पाठवा. शंका असेल तर ग्रुपवर विचारा.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱