वजन खांद्यावर की कमरेवर?

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून एका वाचकाने विचारलं आहे: पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन रोज चालायचं, तर सॅकची फ्रेम कशी निवडावी? कमरपट्टा जवळजवळ सगळं वजन पेलतो, असं जाहिराती सांगतात.

त्या जाहिरातींवर विसंबू नये. लाफिआंड्रा आणि हार्मन या संशोधकांनी फ्रेमवर बलमापक बसवून 13.6, 27.2 आणि 40.8 किलोची ओझी तपासली. 2004 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: उभ्या दिशेतलं सुमारे 30 टक्के बल कमरेकडे जातं, बाकीचं खांदे आणि वरच्या पाठीवरच राहतं. ओझं तिप्पट झालं तरी प्रमाण तेच.

पण 25 किलोतले साडेसात किलो खांद्यावरून उतरणं ही काही लहान गोष्ट नव्हे! खांदेपट्ट्याखालून हाताकडे मज्जातंतूंचं जाळं जातं. ते फार वेळ दाबलं गेलं की हात बधिर होतो. सैनिकांचे हात त्यामुळे लुळे पडल्याच्याही नोंदी आहेत. कमरेचं हाड मात्र भार सोसणारं. आई मुलाला कडेवर घेते, ती त्याच्याच भरवशावर.

फ्रेम लेचीपेची असेल तर वजन तिथवर पोचतच नाही, पट्टा नुसतं पोट आवळतो. म्हणून फ्रेम ताठ हवी, आणि आपल्या धडाच्या मापाची. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक टेंगूळ हाताला लागतं. तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. उंचीवरून अंदाज बांधू नका. वजन पाठीला चिकटवून बांधा. ते जितकं मागे जाईल, तितकं तुम्हाला पुढे वाकावं लागेल.

मिनेसोटातल्याच डुलुथ गावी कमील पॉयरिएने 1882 साली थैल्याचं पेटंट घेतलं. त्यात खांदेपट्ट्यांच्या जोडीला कपाळाला लावायचा पट्टा होता, म्हणजे मानही कामाला लागे. कमरेची आठवण अमेरिकी भटक्यांना पुढे झाली, आणि ती कथा मला फार आवडते. डिक केल्टी आणि त्याचा मित्र सिएरा नेवाडाच्या डोंगरांत हिंडत होते. लाकडी फ्रेमची खालची टोकं जीन्सच्या मागच्या खिशांत खुपसली, तर खांदे एकदम हलके झाले! 1952 साली केल्टीने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम विकायला काढली. तिच्यावरच्या पिशव्या राहत्या घरी शिवल्या त्याच्या बायकोने, नीनाने. आडनाव दोघांचं होतं, पण फ्रेमचा जनक म्हणून नाव घेतलं जातं ते एकट्या डिकचं. हा अन्याय आहे.

आता स्प्रिंगच्या फ्रेमविषयी. चालताना पावलागणिक कंबर 4 ते 7 सेंटिमीटर वरखाली होते आणि ओझंही तेवढंच उचलावं लागतं. लॉरेन्स रोम यांनी 2006 साली ते रबरी दोऱ्यांवर टांगून जवळजवळ स्थिर ठेवलं. तेवढ्याच श्रमात पाचेक किलो जास्त वाहता येतं, असा त्यांचा दावा. आपल्या कावडीचा लवलवता बांबू हेच करत आला आहे. रॉजर क्रॅम यांनी 1991 साली तसल्याच लवचिक दांड्या खांद्यावर घेऊन मोजमाप केलं, तेव्हा खांद्याला बसणारे हिसके कमी झाले, ऊर्जा मात्र वाचली नाही. दोघांचे निकाल जुळत नाहीत. ते जुळेपर्यंत स्प्रिंगसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा मापाची ताठ फ्रेम घ्यावी, असं माझं मत.