नागपूरचं बंदर

नागपुरात ‘बंदर’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी माकड येतं; हिंदीच्या शेजाराचा परिणाम. पण सीमाशुल्क खात्याच्या दफ्तरी नागपूर खरोखरच बंदर आहे. न्हावाशेव्याचा संकेतांक ‘आयएनएनएसए१’, नागपूरच्या कंटेनर डेपोचा ‘आयएनएनजीपी६’. शेवटी १ असेल तर समुद्र, ४ असेल तर विमानतळ आणि ६ म्हणजे जमिनीवरचा डेपो. समुद्र आठशे किलोमीटरवर आहे, तरी निर्यातीचं शिपिंग बिल इथे चालतं, कस्टमची तपासणी इथे होते आणि माल सोडण्याचा हुकूमही इथेच निघतो. या धंद्यातली माणसं त्याला आयसीडी म्हणतात. वर्तमानपत्रांना ‘ड्राय पोर्ट’ आवडतं.

बंदरावरची सगळी कामं काही पाण्याला चिकटलेली नसतात. क्रेनने डबा जहाजावर चढवायला समुद्र लागतो. शुल्क भरायला, पेटी उघडून पाहायला, शिक्का मारायला लागत नाही. हे ओळखून १९८१ साली बंगळूरला देशातला पहिला असा डेपो निघाला. १९८८ मध्ये रेल्वेने कॉन्कॉर ही कंपनी स्थापन केली आणि १९८९ च्या नोव्हेंबरात तिने रेल्वेकडचे सात डेपो घेऊन काम सुरू केलं. त्याच वर्षी मे महिन्यात न्हावाशेव्याचं बंदर चालू झालं होतं. पुढे १९९३ मध्ये दिल्लीत तुघलकाबादचा मोठा डेपो आला. नागपूरचा व्याप अजनीत वाढला, नंतर मिहानकडेही गेला.

डबा भरण्याआधीची एक तपासणी पाहण्यासारखी असते. माणूस रिकाम्या कंटेनरमध्ये शिरतो, बाहेरचा दारं लावून घेतो. आत मिट्ट काळोख. छतात, कोपऱ्यात, दाराच्या रबराशी कुठे टाचणीएवढा उजेड दिसला तर डबा बाद. जिथून ऊन येतं तिथून पाऊसही येणार. तांदूळ भरायचा असेल तर भिंतींना जाड खाकी कागद लावतात, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात, कारण लोखंडी पेटीला रात्री आतून घाम फुटतो. पोती रचून झाली की दारं लागतात आणि दांड्याच्या कडीत बोटाएवढा खिळा ‘खट्’ करून बसतो. हे बोल्ट सील. एकदा बसलं की ते उघडत नाही, कापावंच लागतं. २०१७ पासून निर्यातदार कारखान्यातच इलेक्ट्रॉनिक सील लावू शकतो, तेव्हा प्रत्येक डबा आता डेपोतच भरला जातो असं नाही.

मग रीच स्टॅकर येतो. लांब सोंडेचा हा अवजड गडी डबा वरून चार कोपऱ्यांना धरतो, उचलतो आणि सपाट वाघिणीवर अलगद टेकवतो. ४५ वाघिणींच्या रेकवर २० फुटी ९० डबे बसतात. तेवढा माल रस्त्याने न्यायचा तर ट्रेलरची रांग किती लांब होईल, हे पनवेलजवळ अडकलेल्या कोणालाही विचारा. न्हावाशेव्याकडे निघालेली गाडी भुसावळवरून इगतपुरीला येते आणि कसाऱ्याचा घाट उतरते. परतीला तोच घाट चढताना जादा बँकर इंजिनं जोडावी लागतात; ३७ फुटांना एक फूट असा तो चढ आहे.

खरी धाकधूक वेळेची. जहाजासाठी डबा बंदरात पोहोचण्याची मुदत ठरलेली असते. तिला ‘कट-ऑफ’ म्हणतात. ट्रेलर भरला की निघतो. रेकला मात्र पुरेसे डबे गोळा व्हावे लागतात. ते झाले नाहीत तर तीन दिवस आधी भरलेला डबाही यार्डात बसून राहतो आणि जहाज निघून जातं. म्हणून नाशिकच्या द्राक्षांचे वातानुकूलित डबे बहुतेक रस्त्यानेच जातात. दोनशे किलोमीटरसाठी दोन्ही टोकांची चढ-उतार परवडत नाही, आणि द्राक्ष थांबतही नाही. नागपूरच्या अंतराला रेल्वेचं गणित जमतं.

त्याहून मोठा प्रश्न रिकाम्या डब्यांचा. २० फुटी रिकामा डबा सव्वादोन टनांच्या आसपास भरतो आणि तो हलवायला भाडं पडतंच. डबा शिपिंग लाइनचा, त्यामुळे तो फिरता राहिला तरच तिला परवडतो. ज्या भागात आयात जास्त, तिथून रिकामे डबे बाहेर न्यावे लागतात; जिथे निर्यात जास्त, तिथे ते आणावे लागतात. जालन्याचं उदाहरण घ्या. तिथल्या सळयांच्या कारखान्यांना भंगार लागतं. परदेशातून आलं तर ते डब्यातून येतं. तोच डबा परत जाताना कापसाने किंवा धान्याने भरावा, हे कागदावर सोपं आहे. पण भंगार उतरलेल्या डब्याची लाकडी जमीन तेलाने माखलेली, पत्रा पोचलेला असतो. अशा डब्यात धान्य कोण भरेल? धुणं, दुरुस्ती, पुन्हा काळोखातली ती तपासणी, यातच फायदा झिजतो.

जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ च्या डिसेंबरात झाली. जागा आणि कुंपण म्हणजे बंदर, असा आपल्याकडे समज आहे. माझ्या मते ड्राय पोर्टची परीक्षा दोनच प्रश्नांत होते: ठरल्या वारी गाडी सुटते का, आणि परतीला काय येतं? एका गाडीत किती माल मावतो, हे मात्र मार्गावर ठरतं. दिल्लीजवळचं दादरी ते न्हावाशेवा या सुमारे १५०० किलोमीटरच्या मालवाहतूक मार्गाची आखणी विजेच्या तारांखालून डब्यावर डबा ठेवून नेता यावा अशी आहे. एका गाडीत दुप्पट माल. नागपूरची गाडी जुन्याच मार्गाने जाते. तिथल्या तारा त्या मानाने खाली, म्हणून एकच थर.

पुढच्या वेळी महामार्गावर कंटेनरच्या मागे अडकलात तर हॉर्न वाजवण्याआधी त्याच्या दाराकडे बघा. कडीत सील असेल तर आत माल आहे. नसेल तर बहुधा आत नुसती हवा आहे, आणि तिचंही भाडं कोणीतरी भरतंय.