तारखेआधी सगळे एकत्र बसा!

मैत्रिणींनो, मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत परवा पाथर्डीकडची एक आजी आली. मुलगा नि सून दोघंही गेलेली, दोन नातवंडं पदरात. बाल कल्याण समितीपुढे जायचं होतं. "बाई, कोर्टच ना ते? पोरं काढून घेतील का हो?" म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले.

तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने जिल्ह्यात अशी समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य. त्यांत निदान एक बाई असतेच. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात खरे, पण तिथे आपण आरोपी म्हणून जात नाही. मूल शक्यतो घरीच वाढावं, संस्था हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. पण घरचेच भांडत गेले तर समितीने काय करावं?

या घरी तेच चाललं होतं. काका म्हणे थोरला माझ्याकडे, मामा म्हणे धाकटी आमच्याकडे. मुलांना कुणी विचारलंच नव्हतं!

न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांत मुलाचा प्रश्न सगळं गणगोत बसून सोडवतं. १९८९ मध्ये तिथल्या कायद्यानेही अशा बैठकीला जागा दिली. आपल्याकडे लग्नाला भावकी जमते, मग यासाठी का नको?

आईकडची नि वडिलांकडची, दोन्ही माणसं बोलवा. जुनी उणीदुणी काढायची नाहीत, हे आधीच ठरवा. "आम्ही बघू" असं मोघम नको. डबा कोण करणार, आजी आजारी पडली तर कोण येणार, काका ऊसतोडीला गेला की घरी कोण, हे नावानिशी लिहा. जन्म-मृत्यूचे दाखले, आधार, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड एका पिशवीत ठेवा. बालसंगोपन योजनेचीही चौकशी करा. २०२३ पासून मुलामागे महिना २,२५० रुपये आहेत.

मुलाशी मात्र आधी एकटं, मायेने बोला. घरातल्याच कुणाची त्याला भीती वाटत असेल तर त्या माणसाला बोलावू नका आणि गोष्ट झाकूही नका. समितीला सांगा, किंवा १०९८ ला फोन करा.

आजीच्या घरी बैठक झाली. धाकटी एवढंच म्हणाली, "मला दादाजवळ राहायचंय." काका-मामा गप्पच झाले. मग मुलं आजीकडे, वह्या-पुस्तकं मामाकडे, धान्य काकाकडे असं ठरलं. तो कागद घेऊनच आजी समितीपुढे गेली, आणि दोन्ही नातवंडांना घेऊन घरी आली.