दगडावरची अक्षरे आणि पेटीतली पत्रे

मे महिन्याच्या सुट्टीत मेक्सिकोत नोकरीला असलेल्या धाकट्या भावाकडे आमचे जाणे झाले. तिथले कांपेचे हे समुद्रकाठचे शहर स्पॅनिश लोकांनी 1540 मध्ये वसवले. समुद्री चाचे ते वारंवार लुटत. 1685 च्या मोठ्या लुटीनंतर पुढच्याच वर्षी शहराभोवती तट बांधायला सुरुवात झाली. त्या तटाच्या सोलेदाद नावाच्या बुरुजात आज माया वास्तुकलेचे संग्रहालय आहे.

बाहेर रणरणते ऊन, आत जाड भिंतींचा गारवा. आपल्या मशिदींच्या कमानीत मधला दगड बाकीच्यांना धरून ठेवतो. माया गवंडी दोन्ही बाजूंनी एकेक दगड थोडा पुढे सरकवत नेत आणि वर आडवा दगड ठेवून कमान मिटवत.

उंच शिलांवर माया अक्षरे कोरलेली होती. मुलीने विचारले, “अम्मी, हे कुणाला वाचता येतं?”

भाऊ सांगू लागला. 1562 मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्या जाळल्या. ग्रनाडा जिंकल्यावर अरबी किताबांचेही असेच झाले होते. माया पोथ्या आज जगात चारच उरल्या आहेत. हळूहळू लिपी वाचणारे कुणी राहिले नाही. पण त्याच लांदाने आपल्या ग्रंथात काही चिन्हे टिपून ठेवली होती. त्यांचा धागा धरून 1952 मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाने वाचनाची वाट दाखवली. माया भाषा घराघरांत बोलली जात होती, म्हणूनच हे जमले.

मुलगी सहज म्हणाली, “दादाजानची पत्रंही मला अशीच दिसतात.”

आम्ही गप्प झालो. शाळेत आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना उर्दू शिकवतो. आमची मुलगी मराठी शाळेत जाते, घरी उर्दू बोलते, पण सासऱ्यांची पेटीतली पत्रे तिला वाचता येत नाहीत. ती कुणी जाळली नाहीत. आम्हीच ‘पुढे बघू’ म्हणत राहिलो.

परत आल्यावर पेटी उघडली. आता रोज मगरिबनंतर चार ओळी वाचतो. परवा तिने पहिला शब्द स्वतः लावला: ‘अज़ीज़म’. दादाजान प्रत्येक पत्राची सुरुवात याच शब्दाने करत.

तुमच्या घरीही अशी पेटी असेल. वाचून दाखवणारे वडीलधारे आहेत, तोवर ती उघडा.