सायकल कधीची आणि चालवतं कोण? – मोजमापाच्या वैधतेची गोष्ट

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो तयार आकडा उचलायचा. मीही उचलला होता. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लिहिलेलं वाक्य असं होतं: "ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात कामावर जाण्यासाठी सायकलचा वापर संपत आला आहे." खाली आधार म्हणून 2011 च्या जनगणनेचा तक्ता जोडला होता. माझ्या गाईड मॅडमनी तो कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "तुझे आजोबा यात कुठल्या रकान्यात आहेत?"

आजोबा आमच्या भातसानगरच्या घरातून वर्षाचे बाराही महिने सायकलवर बाहेर पडायचे. शोधलं तर ते कुठल्याच रकान्यात नव्हते. असं का, ते समजून घेतलं की वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, ही संकल्पना कायमची डोक्यात बसते. त्यासाठी आधी सायकलकडेच बघू.

बिल्ल्यावरचं साल

आजोबांची सायकल म्हणजे काळी, 28 इंची, सळईच्या ब्रेकची. आज पुण्या-मुंबईत अशा सायकलींना 'व्हिंटेज' म्हणतात आणि हौशी मंडळी त्या शोधत गावोगाव फिरतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालयच आहे. या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "सायकल कधीची?"

आमच्या सायकलला पत्र्याचा एक बिल्ला होता. पूर्वी नगरपालिका आणि ग्रामपंचायती सायकलवर कर घ्यायच्या आणि कर भरला की बिल्ला मिळायचा. बिल्ल्यावर 1979-80 असं साल होतं, म्हणून घरात सगळे सांगायचे, "सायकल एकोणऐंशीची." पण बिल्ला नीट घासून पुसला तेव्हा त्यावर भलत्याच गावच्या नगरपालिकेचं नाव निघालं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "अरे, ती मी जुनीच घेतली. धरणाच्या कामावरचा एक जण बदली होऊन गेला, त्याच्याकडून."

म्हणजे बिल्ला खोटा नव्हता. तो बरोबर एवढंच सांगत होता की त्या साली, त्या गावात, या सायकलचा कर भरला गेला. सायकल कधी बनली हे तो सांगतच नव्हता. ते आम्ही त्याच्या तोंडी घातलं होतं.

जुन्या सायकलींचे जाणकार हे पक्कं ओळखून असतात. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या जुन्या तीन गिअरच्या हबवर सालाचा आकडा ठोकलेला असतो. नवखा माणूस तो बघून सायकलचं वय ठरवतो. जाणकार म्हणतो, हे हबचं वय झालं, चाक नंतर बदललं असेल तर? मग तो फ्रेमचा नंबर बघतो, कंपनीचा लोगो बघतो, मूळ रंग कुठे शिल्लक आहे ते बघतो. हे तिन्ही एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच साल सांगतो.

थोडक्यात नियम असा: कुठलीही खूण आधी स्वतःबद्दल सांगते. ती आपल्या प्रश्नाबद्दल काही सांगते का, हे आपल्याला सिद्ध करावं लागतं.

आता हाच नियम जनगणनेला लावू

2011 च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे 45 टक्के घरांत सायकल होती. त्याच जनगणनेत सायकलने कामावर जाणारे साधारण 13 टक्के आहेत. घाईत वाचणारा म्हणेल, "बघा, सायकली घरात धूळ खात पडल्यात!" पण हे दोन आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. पहिल्याचा छेद आहे घरं, दुसऱ्याचा कामगार. तेही सगळे कामगार नाहीत.

जनगणना कामगारांचे चार गट करते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि 'इतर'. प्रवासाच्या साधनाचा तक्ता फक्त या चौथ्या, 'इतर' गटाचा आहे. त्यात देशभरातले सुमारे 20 कोटी लोक येतात. शहरासाठी हे बरंचसं चालून जातं. शहापूर-मुरबाडला भातशेती करणारा माणूस मात्र तक्त्याच्या दारातच अडतो.

आजोबांचं बघा. भातसा प्रकल्पावर कामाला होते तेव्हा ते 'इतर'मध्ये बसले असते. नंतर त्यांनी पूर्णवेळ शेती धरली. सायकल तीच, रस्ताही बराचसा तोच. पण आता त्यांची फेरी या तक्त्याच्या बाहेर गेली.

दुसरी गळती स्टेशनवर होते. आमच्याकडचे कितीतरी लोक गावातून सायकलने आसनगाव किंवा आटगाव स्टेशन गाठतात आणि पुढे लोकलने कल्याण-ठाण्याला जातात. तक्त्यात एका माणसाला एकच मुख्य साधन मिळतं. अशा माणसापुढे 'रेल्वे' लागते आणि रोजची सायकल पुसली जाते.

तिसरी गोष्ट ऋतूची. ही गणना 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या काळात झाली. फेब्रुवारीत आमच्याकडे रस्ते कोरडे असतात. "बारमाही सायकल कोण चालवतं?" हा माझा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर जुलैमध्ये दडलेलं असतं. ओल्या लोखंडी रिमवर सळईचा ब्रेक नीट पकडत नाही. त्यामुळे बारमाही चालवणारा माणूस उतारावर खूप आधीच ब्रेक दाबायला लागतो, किंवा सरळ उतरून सायकल हातात धरतो. कुणी पावसात सायकल टांगून ठेवतो आणि जीपने जातो. "तुम्ही कशाने जाता?" या एका प्रश्नात हे दोघेही 'सायकल' असंच उत्तर देतील.

चौथी चूक तर माझीच होती. 2011 चा ठाणे जिल्हा म्हणजे आजचा ठाणे जिल्हा नव्हे. पालघर वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. मी ज्याला 'ग्रामीण ठाणे' म्हणत होतो त्यात जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी सगळंच होतं.

मग काय, जनगणना टाकाऊ?

अजिबात नाही. बिल्ला जसा खोटा नव्हता, तसा हा तक्ताही खोटा नाही. 'इतर' कामगारांचं मुख्य साधन कोणतं, या प्रश्नाला इतकं मोठं उत्तर दुसरीकडे सहज मिळणार नाही. त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच्या नावावर खपवत होतो, चूक तिथे होती. आणि ती निरुपद्रवी नव्हती. "इथे सायकल कुणी वापरत नाही" असं एकदा छापून आलं की स्टेशनबाहेर सायकल स्टँड कशाला, रस्त्याला कडेची पट्टी कशाला, असं म्हणायला कागद मिळतो.

मी प्रस्ताव बदलला. आधी कार्यात्मक व्याख्या लिहिली: 'बारमाही सायकलस्वार म्हणजे जी व्यक्ती फेब्रुवारी, मे आणि जुलै या तिन्ही फेऱ्यांत, विचारलेल्या आठवड्यात किमान 3 दिवस, कुठल्याही कामासाठी, प्रवासाच्या कुठल्याही टप्प्यात सायकल चालवते.' त्यातला प्रत्येक शब्द एकेक गळती बुजवतो. 'तिन्ही फेऱ्या' म्हणजे ऋतू आला. 'कुठल्याही कामासाठी' म्हटल्यावर शेत, दूध, पाणी, शाळा आली. 'कुठल्याही टप्प्यात' म्हटलं की स्टेशनपर्यंतची सायकल आली. शिवाय लोकांच्या सांगण्यावरच विसंबायला नको, म्हणून सकाळी स्टेशनच्या स्टँडवर उभं राहून सायकली मोजायच्या. जाणकार फ्रेम, हब आणि रंग ताडून बघतो ना, तसंच हे.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात लाडका आकडा घ्या आणि कागदावर चार उत्तरं लिहा:

1. हा आकडा मुळात कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? प्रश्नाचे नेमके शब्द शोधा.
2. छेदात कोण आहे आणि कोण बाहेर राहिलं?
3. तो कधी गोळा केला? ऋतू बदलला तर उत्तर बदलेल का?
4. तेव्हाची हद्द आणि आजची हद्द एकच आहे का?

आणि पाचवा प्रश्न मॅडमचा, जो मी आता प्रत्येक तक्त्याला विचारतो: माझ्या ओळखीचा एखादा खरा माणूस यात कुठल्या रकान्यात बसतो? तो सापडला नाही तर वाक्य लिहायची घाई करू नका. आधी बिल्ला घासून पुसून बघा.