परराज्यातील विद्यार्थ्याचा उन्हाळा

१८९९ साली स्तवनिधी येथे दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली. पुढे सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव व हुबळी येथे बोर्डिंगे चालविली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर स्तवनिधी, बेळगाव व हुबळी आजच्या कर्नाटकात गेली. सांगली महाराष्ट्रात राहिली. समाजाचे नातेगोते तुटले नाही, परंतु विद्यार्थ्याच्या अर्थसाहाय्याच्या वाटेत सीमारेषा उभी राहिली.

हुबळीचा मुलगा सांगलीत शिकावयास आला की ही रेषा जाणवते. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना येथील अधिवासाचा दाखला लागतो. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. तथापि केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत निर्वाहभत्ता वर्षातून कमाल १० महिन्यांचाच धरला आहे. राहिलेले विषय सोडविण्यासाठी उन्हाळी सत्रास बसावे, तर त्याची फी, खोलीभाडे व भोजनखर्च घरावरच पडतो. प्रसंगी एवढ्याशा रकमेपायी मुलाचे अख्खे वर्ष जाते.

यावर पहिला उपाय शैक्षणिक कर्जाचा. बँका राज्याची सीमा पाहत नाहीत. बँक संघाच्या आदर्श योजनेत वसतिगृह, परीक्षा व पुस्तके यांचा खर्च धरता येतो आणि ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. मात्र उन्हाळ्यात धावपळ करण्याऐवजी मूळ अर्जाच्या वेळीच महाविद्यालयाच्या खर्चपत्रकात उन्हाळी सत्राचा उल्लेख करून घ्यावा आणि तो खर्च मंजुरीत बसतो काय, हे शाखेत विचारावे. शिक्षणकाळात व्याज भरीत राहिल्यास पुढील हप्ता हलका होतो.

दुसरा उपाय साताऱ्याने दाखविला. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. तेथे ‘कमवा व शिका’ या मार्गाने गरिबांची मुले पदवीपर्यंत पोहोचली. हे साहाय्य घेताना विद्यार्थ्यास मान खाली घालावी लागली नाही.

हाच धागा आजचा व्यापारी पुढे नेऊ शकतो. सांगलीच्या हळदपेठेतील वा साताऱ्याच्या बाजारातील पेढीने उन्हाळ्याचे दोन महिने एका मुलास जमाखर्चाचे काम, योग्य वेतन आणि सत्राच्या तासांपुरती मोकळीक द्यावी; बोर्डिंगने सुटीतही त्याची खोली राखावी. देणगीची पावती एकदाच फाटते. कामाचा अनुभव मात्र त्या मुलाच्या खात्यावर आयुष्यभर जमा राहतो.