घरातला अग्नी आणि धुराची वाट

परभणी जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसास वैशाखातले भाजून काढणारे ऊन आठवते. परंतु उन्हाळ्यात जी काळी जमीन तापून भेगाळते तिच्यावरच पौषाच्या पहाटे अशी काही थंडी उतरते की, 2018 च्या डिसेंबरअखेरीस येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमानाची नोंद 2 अंश सेल्सिअसपर्यंत खाली गेली होती. अशा पहाटे जिंतूरच्या डोंगराळ भागापासून गंगाखेडच्या गोदाकाठापर्यंत, गावातल्या घरी असो की शेतातल्या आखाड्यावर असो, दिवसाचे पहिले काम म्हणजे विस्तव पेटविणे हेच होय. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची टाकी खेड्यापाड्यांतून पोहोचली आणि चहा-भाजीपुरता धूर पुष्कळ घरांतून गेला. तथापि घरभराच्या आंघोळीचे पाणी, ज्वारीच्या भाकरीची चवड आणि सणावारीचा मोठा स्वयंपाक हा सारा कारभार अनेक कुटुंबांत अद्याप चूल आणि बंब यांच्याकडेच आहे, आणि जोवर तो त्यांच्याकडे आहे तोवर त्यांची मांडणी निर्धोक कशी करावी हा प्रश्न जुना झाला असे म्हणता येणार नाही.

किंबहुना तो प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक बिकट झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरात चुलीच्या वरच्या बाजूस छताला एक साने ठेवलेले असे. त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई, आणि पावसाळ्यात ते झाकण्याची तजवीजही असे. ती व्यवस्था परिपूर्ण होती असे नव्हे, कारण स्वयंपाकघराचे किलचन काजळीने काळेठिक्कर पडलेले असावयाचेच. परंतु घर बांधणाऱ्याने अग्नीबरोबर धुराचाही विचार केला होता, याचा तो ढळढळीत दाखला होता. पुढे माळवद गेले, त्याच्या जागी पत्रा आला, स्लॅब आला; साने बुजले, खिडक्यांना काचा बसल्या, न्हाणीघराचे दार घट्ट लागू लागले, आणि विस्तव मात्र होता तिथेच राहिला. म्हणून आज ज्या कोणाला घरात चूल अथवा बंब बसवावयाचा असेल त्याने प्रथम धुराची वाट निश्चित करावी आणि मग त्या वाटेच्या मुळाशी अग्नीची जागा ठरवावी. हा क्रम उलटा झाला की पुढची सारी खबरदारी लंगडी पडते.

धूर म्हणजे अपुऱ्या ज्वलनाचा अवशेष होय. लाकूड तापले की प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन जाते, नंतर ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात, आणि या वायूंना पुरेशी हवा व पुरेशी उष्णता मिळाली तर ते ज्योतीत जळून जातात, न मिळाली तर काजळी, डांबरी बाष्पे आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन घरात पसरतात. काजळीने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, म्हणून तिची चाहूल तरी लागते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने बांधला जात असल्यामुळे, डोके जड होणे, मळमळणे, हातापायांतील त्राण जाणे या क्रमाने तो माणसास नकळत निश्चेष्ट करतो. घरगुती धुरामुळे जगात वर्षाकाठी सुमारे 32 लाख माणसे अकाली मरण पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 सालचा अंदाज आहे. आणि चुलीपुढे बसणारी स्त्री व तिच्या मांडीवरचे मूल यांच्या वाट्याला या धुराचा सर्वांत मोठा हिस्सा येतो, ही गोष्ट आपण इतकी वर्षे सहज सोसली याचे मला अतोनात वाईट वाटते.

उपाय कोणाला सुचला नव्हता असे मात्र नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून 1947 साली ‘मगन चूल’ पुढे आली. आणि परभणी जिल्हा ज्या काळी हैदराबाद संस्थानच्या वारशाने हैदराबाद राज्यात मोडत होता त्याच काळी, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी मातीची, धुराड्याची, एकाच जाळावर अनेक भांडी चढविता येतील अशी बिनधुराची चूल सिद्ध केली व 1953 साली ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ या पुस्तिकेतून तिची कृती लोकांपुढे ठेवली. त्यानंतर तीस वर्षांनी, 1983 साली, केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002 पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. परंतु चुलींची गणती झाली तितकी त्यांची देखभाल झाली नाही. धुराडे तुंबले तर ते उघडून साफ करणारा गावात कोणी नसे, चुलीचे तोंड घरच्या भांड्याला बसत नसे, आणि मग घरची बाई स्वतःच विळ्याने ते तोंड मोठे करून घेई. चुलीचा शास्त्रीय आकार आणि घरचा तवा यांचा मेळ बसविण्याच्या कामी पुढे पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, पुष्कळ परिश्रम घेतले. साचे तयार करून स्थानिक कारागिरांकडून चुली घडवून घेण्याची त्यांची पद्धत आजही अनुकरणीय आहे.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. परभणीकराने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, ती मातीची. आपली काळी माती कापसाला उत्तम, परंतु चुलीला कुचकामाची; ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्या चुलीस पहिल्याच आठवड्यात भेगा पडून त्या भेगांतून धूर आणि ठिणग्या दोन्ही बाहेर येऊ लागतात. म्हणून जाणत्या बाया चुलीसाठी गावठाणातली पांढरी माती आणतात, तीत बारीक भुसा व शेण किंवा घोड्याची लीद मिसळून ती दोन-चार दिवस कुजवितात, आणि मग तुडवून चूल घालतात. विटांचे धुराडे बांधावयाचे असेल तर हीच काळी माती पायाखालीही दगा देते. मुरूम भरून, ठोकून, पक्का पाया घेतल्यावाचून उभारलेले धुराडे दोन पावसाळ्यांत भिंतीपासून सुटते. नवी चूल सावलीत पूर्ण वाळू द्यावी, आणि पहिले काही दिवस तीत केवळ काटक्यांचा मंद जाळ करावा, म्हणजे मातीतले उरलेले पाणी हळूहळू निघून जाऊन ती तडकत नाही.

धुराड्याचे कार्य ज्या तत्त्वावर चालते ते साधे आहे. 200 अंशांपर्यंत तापलेल्या धुराची घनता बाहेरच्या हवेच्या सुमारे तीन-पंचमांश भरते. हा हलका स्तंभ वर चढतो आणि त्याच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. नळी जितकी उंच, सरळ आणि उष्ण, तितकी ओढ चांगली. घरगुती चुलीस चार इंच व्यासाची नळी सामान्यतः पुरते. तिला काटकोनातले वळण देऊ नये, वळण अटळच असेल तर ते तिरपे द्यावे आणि तेथे काजळी काढण्यासाठी एक झाकणाचे तोंड ठेवावे. नळीचे टोक छपराच्या जरा वर काढून थांबण्याची जी रीत आहे तिच्यामुळे वारा आडवा आला की धूर उलटा घरात येतो. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांत या बाबतीत एक सुटसुटीत दंडक आहे: धुराडे छपरातून जेथे बाहेर पडते तेथून ते किमान 3 फूट वर असावे, आणि सभोवती 10 फुटांच्या आत छपराचा अथवा भिंतीचा जो सर्वोच्च भाग असेल त्याहून किमान 2 फूट उंच असावे. आपल्याकडील पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांनाही तो तंतोतंत लागू पडतो. माळवदाचे घर अजून उभे असेल तर त्यातून पत्र्याची उघडी नळी वर काढण्याचे धाडस मात्र करू नये, कारण किलचनावर अंथरलेल्या काटक्या-पाल्याच्या थरात एखादी ठिणगी शिरली की ती तासन्‌तास धुमसत राहते आणि घरातील माणसे झोपल्यावर पेट घेते. अशा घरी नळी मातीच्या भिंतीतून बाहेर काढून मग उभी चढवावी. उघडी पत्र्याची नळी आणि कोणतेही लाकूड यांत दीड फुटाचे अंतर राखणे हा किमान बंदोबस्त समजावा. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या काळात बसविलेली ॲस्बेस्टॉस-सिमेंटची नळी कोठे उरली असेल तर ती करवतीने कापू नये अथवा घासू नये; तिची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे.

बंबाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण घरगुती भट्टीची जी व्याख्या पाश्चात्त्य लोक करतात तिच्या अगदी जवळ जाणारी वस्तू महाराष्ट्रात हीच आहे. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ठोकून घडविलेला हा तांब्याचा बंब रचनेने फार सुबक आहे: मध्ये उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, भोवती पाणी, खाली तोटी, वरून ढलप्या टाकावयाच्या, जाळीतून हवा वर येते, राख खाली पडते, आणि गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी बाहेर मिळते. 40 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर नेण्यास 1,200 किलोकॅलरी उष्णता लागते, कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारणपणे 4,000 किलोकॅलरी असते, आणि निम्म्याहून अधिक उष्णता धुराबरोबर व धातूच्या अंगातून वाया गेली असे धरले तरी किलोभर सरपणात चौघांची आंघोळ सुखाने होते. परंतु याच रचनेत एक दोष अंगभूत आहे. ज्या नळीत जाळ पेटतो तिच्या बाहेरून पाणी वेढलेले असल्यामुळे तिचा पत्रा 100 अंशांच्या फारसा वर जात नाही. त्या थंड भिंतीला टेकलेली ज्योत पुरती जळण्यापूर्वीच निवते, आणि म्हणून बंबाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व काजळी यांचे प्रमाण अधिक राहते. असा बंब दार लावलेल्या न्हाणीत पेटवून त्याच खोलीत आंघोळीस बसणे म्हणजे जिवाशी गाठ घालणे होय. थंडीचे दिवस, लहान खोली, घट्ट दार आणि लेकराला वारा लागू नये ही आईची काळजी, या चार गोष्टी एकत्र आल्या की अनर्थ ओढवतो. बंबाची जागा अंगणात, पडवीत किंवा न्हाणीच्या भिंतीबाहेर. पाणी तोटीने अथवा बादलीने आत न्यावे. पेटविण्यापूर्वी तो पाण्याने भरलेला आहे की नाही हे पाहावे, कारण कोरड्या बंबात जाळ केला तर सांध्यांचे डाग वितळून सुटतात; आणि पाणी ओतावयाचे तोंड व वाफेची वाट कोणत्याही कारणाने बुच मारून बंद करू नये, कारण कोंडलेल्या वाफेचा दाब सहन करील असा हा पत्रा नव्हे. बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि त्यावर कढत सोडावे, उलट करू नये. पोळलेल्या मुलांच्या कहाण्यांत बहुधा हीच एक चूक आढळते.

सरपणाचा विचार करताना आपल्या जिल्ह्यात बाभूळ, तुराट्या आणि पऱ्हाट्या हेच मुख्य जिन्नस येतात. बाभळीचा निखारा टिकाऊ. पऱ्हाटी मात्र भडकन पेटते, झपाट्याने जळते आणि तिचे जळते टोक चुलीबाहेर पडते, म्हणून ती नेहमी आखूड मोडून घालावी आणि चूल सोडून जाऊ नये. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यातच 540 किलोकॅलरी खर्ची पडतात. शिवाय ओल्या लाकडाच्या थंड धुरातून धुराड्याच्या आत डांबरासारखा थर धरतो व तोच थर एखाद्या दिवशी आतल्या आत पेटतो. फोडून, उन्हात रचून, पावसाळ्यापूर्वी छपराखाली घेतलेले लाकूड हेच खरे सरपण. रंग दिलेली फळी, प्लॅस्टिक, टायरचे तुकडे आणि औषधांचे रिकामे डबे चुलीत घालण्याची सवय वेळीच मोडावी, कारण त्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून विस्तव पेटविण्याविषयी तर वेगळे सांगण्याची आवश्यकताच नसावी.

वेचणीच्या हंगामात भाव येईपर्यंत कापूस घरातल्याच खोलीत भरून ठेवण्याचा परिपाठ परभणी, मानवत, सेलू, पाथरी या भागांत सर्वपरिचित आहे, आणि कडब्याची गंजीही बहुधा गोठ्यालगत रचलेली असते. कापसाच्या खोलीत चूल नसावी हे सगळ्यांनाच कळते. परंतु चुलीच्या खोलीचे दार कापसाच्या खोलीत उघडत असले तरी धोका तोच राहतो, याकडे लक्ष जात नाही. धुराड्याच्या टोपीला जाळी बसविली तर ठिणग्या अडतात, मात्र ती काजळीने तुंबत असल्यामुळे दसऱ्याच्या सुमारास, थंडीचा मोठा जाळ सुरू होण्यापूर्वी, नळी व जाळी दोन्ही झाडून घ्यावीत. चुलीपासून तीन फुटांच्या आत सरपण, कपडे, पोती, गॅसची टाकी यांपैकी काहीही ठेवू नये. राखेविषयी गफलत फार होते. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी डब्यात घालून घराबाहेर उघड्यावर ठेवावी आणि पूर्ण निवल्याखेरीज उकिरड्यावर टाकू नये. कृत्रिम धाग्याचे पातळ पेट घेताना वितळून अंगाला चिकटते. चुलीपुढे सुती वस्त्र आणि खोचलेला पदर, एवढी शिस्त घरातील वडीलधाऱ्यांनी आवर्जून पाळावी व पाळवून घ्यावी.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच, तर काय करावयाचे हे घरातील प्रत्येकास आधीच ठाऊक असले पाहिजे. चुलीशेजारी मातीची अथवा वाळूची एक घमेली आणि पाण्याचा भरलेला हंडा कायम असावा. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी न टाकता घट्ट झाकण ठेवावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडीत राहावे. शाई, टूथपेस्ट, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये, आणि कातडीला चिकटलेले वस्त्र ओढून काढू नये. धुराच्या खोलीत कोणी डोके धरून बसलेले किंवा निपचित पडलेले आढळले तर आपण श्वास रोखून दारे-खिडक्या उघडाव्या, त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तो शुद्धीवर येऊन ‘आता बरे आहे’ म्हणाला तरी त्यास दवाखान्यात नेल्यावाचून राहू नये, कारण रक्तात शिरलेला कार्बन मोनॉक्साइड पूर्ण निघून जाण्यास काही तास लागतात, आणि तोवर त्यास प्राणवायू देण्याची सोय तेथेच असते.